बघण्याचा आवाज

१

दरवर्षी थंडीत चष्मेवाला आठवडाभर दुकानाला कुलूप लावायचा आणि पक्षी बघायला निघायचा. दारावर पाटी लटकवायची, दुर्बीण गळ्यात घालायची, बायकोच्या सगळ्या सूचना ऐकल्यासारखं करायचं आणि तिच्या धाकट्या भावाच्या गाडीत जाऊन बसायचं. गल्लीतल्या लोकांना त्यावरूनच थंडी पडल्याचं कळे.

मेहुण्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्याला पक्ष्यांमधलं ओ की ठो कळत नसे. पण घाटाची गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायला तो तयार नव्हता. शिवाय त्याच्या ताईनं त्याला बजावलं होतं, की "तुझ्या भावजींना पक्षी दिसला की पायाखाली काय आहे ते दिसत नाही. लक्ष ठेव."

या वर्षी निघाले ते पांढऱ्या तितरासाठी. उन्हाळ्यात हा तितर दगडासारखा करडा असतो आणि हिवाळ्यात बर्फासारखा शुभ्र. त्याचे पंजेसुद्धा पिसांनी झाकलेले असतात. शेपटीची काळी पिसं उडतानाच दिसतात, आणि तो सहसा उडत नाही. चष्मेवाल्यानं त्याच्यासाठी कितीतरी डोंगर पालथे घातले होते आणि दर वेळी पावलांच्या ठशांवर समाधान मानून परतला होता.

"लपून बसत असेल हो," मेहुणा गाडी वळणावर घेत म्हणाला.

"लपत नाही रे. तीच तर गंमत आहे. भर उन्हात, उघड्यावर बसतो. माणूस जवळ आला तरी पळत नाही, नुसता थांबतो. आणि थांबला की संपलं. समोर असून नसतो."

"म्हणजे आमच्या मेकॅनिकांसारखा. काम निघालं की समोर असून नसतात."

चष्मेवाला हसला. आपल्या वेडाची अशी थट्टा करणारा आणि तरीही त्या वेडासाठी दिवसभर गाडी हाकणारा माणूस त्याला मनापासून आवडत असे.

खिंडीच्या अलीकडे आडवा बांबू होता. शेजारच्या खोपटातून पहाऱ्यावरची बाई थर्मास काखेत धरून बाहेर आली.

"डोंगराची धार बंद आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. फोटोवाल्यांनी उच्छाद मांडला होता. मोबाइलवर तितरांचाच आवाज वाजवून त्यांना बोलवायचे, घरट्यांवरून उठवायचे. आता वर कोणाला सोडत नाही."

चष्मेवाल्याचा चेहरा असा पडला की बाईलाच वाईट वाटलं.

"हवामान केंद्राची जुनी खोली आहे धारेच्या खाली. तिथल्या खिडकीतून बघता येतं. दोघांपुरतीच परवानगी आहे, आणि एक जण वर आहेतच. तुमच्यातला एक जाऊ शकतो."

"जा, जा," मेहुणा घाईघाईनं म्हणाला. चढ बघूनच त्याला धाप लागली होती. "मी मावशींचा चहा संपवतो."

"वाट लाल खांबांच्या आतून आहे," बाई म्हणाली. "खांबांच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही. वरून सपाट दिसतं, पण तो बर्फाचा छज्जा आहे. खाली जमीन नाही, नुसती पोकळी. दुपार कलली की उतरायला लागा."

"वर कोण आहेत?"

"गुरुजी. तुमच्यासारखेच, पक्षीवाले." बाईनं बांबू उचलला. "फार मोठा माणूस. त्यांच्याजवळ बसलात तर तितर दिसेलच."

२

खोली लांबट आणि बुटकी होती. भिंतींवर यंत्रं काढून नेल्याच्या खुणा होत्या, स्क्रूंची भोकं आणि रंग न उडालेले चौकोन. शेगडी नव्हती, कारण धुरानं पक्षी बुजतात. एका टोकाला वाटेवरचं दार, दुसऱ्या टोकाला धारेकडे उघडणारं. मध्ये भिंतभर आडवी काच आणि काचेसमोर दोन लोखंडी खुर्च्या.

एका खुर्चीत गुरुजी बसले होते.

त्यांनी मान वळवली नाही. "या," एवढंच म्हणाले, इतक्या हळू की तो आवाज खोलीतून आला की आपल्याच मनातून, असं चष्मेवाल्याला क्षणभर वाटलं. अंगावर करडी शाल, डोक्याला काही नाही. पांढरे केस बारीक कापलेले. वय सांगता येईना. दुर्बीण नव्हती. मांडीवर दोन्ही हात उपडे ठेवलेले होते, आणि ते इतके स्वस्थ होते की चष्मेवाल्याला स्वतःच्या हातांची लाज वाटली.

तो बसला. समोर बर्फाचा उतार होता, मधूनमधून दगड, वर लाल खांबांची रांग आणि तिच्यापलीकडे आभाळ. त्यानं दुर्बीण लावली. इकडून तिकडे, तिकडून इकडे उतार विंचरून काढला. काही नाही. श्वासानं काच धुरकटली म्हणून खिशातल्या फडक्यानं पुसली, पुन्हा धुरकटली, पुन्हा पुसली.

"दुर्बीण खाली ठेवा," गुरुजी म्हणाले.

त्यानं ठेवली.

"तुमच्या बघण्याचा आवाज होतो."

चष्मेवाल्याला हसू आलं आणि लगेच विरलं. त्या माणसानं टोमणा मारला नव्हता. तुमच्या बुटाची नाडी सुटलीय, असं सांगावं तसं सांगितलं होतं.

"शोधताय, म्हणून आवाज होतो. नजर त्यांना ढकलत जाते. ती एका जागी टेकवा आणि विसरा."

तो प्रयत्न करू लागला. किती वेळ गेला कोण जाणे. उतारावर एका दगडापाशी काळा ठिपका होता. ठिपक्याच्या वर, अगदी बारीक, लाल रेघ. ते त्याला दिसत होतंच, पण दिसतंय हे कळत नव्हतं. मग एकाएकी त्या ठिपक्याभोवती बर्फाची गोलाई उभी राहिली. डोकं, छाती, पाठ. तितर त्याच्याचकडे बघत होता.

"अहाहा," तो म्हणाला आणि त्या एका शब्दासरशी तिथे पुन्हा नुसतं बर्फ उरलं.

"उद्या या," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी माया होती की चष्मेवाल्याचे डोळे भरून आले.

उठताना त्याचं लक्ष काचेकडे गेलं. त्याच्यासमोर काच श्वासानं आणि फडक्यानं मळून गेली होती. गुरुजींसमोर ती लख्ख होती.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटातल्या खानावळीत मेहुणा स्वतःसमोर दुसरी बशी ओढत म्हणाला, "दिसला ना? झालं मग. चला घरी."

"पुरता नाही दिसला. आज दिसेल." चष्मेवाल्याच्या चेहऱ्यावर लग्नाच्या वेळचा उजेड होता. "अरे, काय माणूस आहे तो! आयुष्यभर मी डोळे तपासले, पण बघावं कसं हे मला काल कळलं. त्याचं बसणं बघायलासुद्धा डोंगर चढावा."

"पण?"

"पण काय?"

"भावजी, गाडी सुरू केल्यावर कुठेतरी बारीक आवाज येतो ना, तसा येतोय तुमच्या बोलण्यातून."

चष्मेवाल्यानं चमचा खाली ठेवला. "तो पापणी मिटत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी होतो तेवढ्या वेळात मिटली नाही. आता एकाग्र झाल्यावर माणूस पापण्या कमीच मिटतो, वाचताना बघ. काही आजारांतही होतं. पण मग डोळे लाल होतात, कोरडे पडतात, पाणी येतं. त्याचे डोळे आत्ता धुवून ठेवलेल्या भिंगासारखे आहेत."

"तुम्ही पक्षी बघायला गेलात की गिऱ्हाईक?"

"आणि थंडीत श्वासाची वाफ दिसत नाही त्याची."

मेहुणा खायचा थांबला.

"शाल असते तोंडाशी," चष्मेवाला लगेच म्हणाला. "आणि तो बसतो तिथे दाराच्या फटीतून वारा येत असेल. वाफ जमत नसेल." शाल खांद्यावर होती हे त्याला आठवलं, पण तो बोलला नाही.

"ताईनं मला सांगितलंय..."

"ताईनं तुला पायाखाली बघायला सांगितलंय. मी तर खुर्चीत बसणार आहे."

४

गुरुजी कालच्याच खुर्चीत होते. हात तसेच, शाल तशीच. चष्मेवाला न बोलता बसला आणि नजर उतारावर टेकवून विसरून गेला.

आज ते सोपं गेलं. आधी पायांची थंडी कळेनाशी झाली, मग खुर्चीचा कठीणपणा. वाऱ्याचा आवाज होता तो मागे सरला आणि त्यामागून दुसरा आवाज आला, सुजलेल्या लाकडाचा खण ओढल्यासारखा, खर्र, खर्र. तितर बोलत होते. एक इकडून, एक तिकडून, मग सगळीकडून.

आणि उतार हलला. ज्याला तो बर्फ म्हणत होता त्यातलं अर्धं म्हणजे तितरच होते. ते उठून उभे राहिले, पिसं झटकून पुन्हा गोल झाले, पिसांच्या पंजांनी तुरुतुरु चालत खाली येऊ लागले. ऊन त्यांच्या पाठीवर पडलं की पांढऱ्यात निळं उमटे, वळले की गुलाबी. एकच पांढरा रंग इतक्या छटांचा असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते काचेपर्यंत आले. एकानं चोचीनं खिडकीच्या चौकटीवरचं बर्फ टिपलं. त्याच्या भुवईचा लाल दाणा चष्मेवाल्याच्या नाकासमोर होता.

हे गुरुजींनी दिलं, असं त्याच्या मनात आलं आणि कृतज्ञतेनं त्यानं डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांच्याकडे पाहिलं.

गुरुजींच्या डोळ्यावरून काहीतरी सरकलं.

नाकाकडच्या कोपऱ्यातून निघालं, दुधी काचेसारखं पातळ, बुबुळावरून आडवं गेलं आणि परत आलं. वरची पापणी जागची हलली नाही.

चष्मेवाल्याचं शिकलेलं डोकं कामाला लागलं. उन्हाबर्फात राहणाऱ्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात पडदा वाढतो. त्यानं कित्येकांचा पाहिला होता. पण तो वाढलेला असतो, तो हलत नाही. मग उजेडाची झलक असेल. काचेतून पक्ष्याची सावली पडली असेल. पक्ष्यांना असा पडदा असतो, आडवा सरकणारा. त्याचंच प्रतिबिंब असेल.

तो उठला नाही. उठला असता तर तितर उडाले असते.

५

खालून पावलं वाजली. जड, धापा टाकणारी. त्याला ती ओळखू आली आणि पहिल्यांदा त्याला राग आला.

दार उघडून मेहुणा आत आला. टोपीवर बर्फ, चेहरा लालबुंद. "भावजी, चला! वारा उठलाय, मावशी म्हणतात वाट बंद करावी लागेल..."

बोलता बोलता तो थांबला.

"भावजी?"

तो खोलीभर बघत होता. त्याची नजर गुरुजींच्या खुर्चीवरून गेली, चष्मेवाल्याच्या खुर्चीवरून गेली, भिंतीवर गेली आणि परत आली. मेहुणा दोन पावलं पुढे आला. चष्मेवाल्याच्या मफलरला हात लागेल इतका जवळ. त्याचे घारे डोळे चष्मेवाल्याच्या डोळ्यांवर आले आणि काचेतून बाहेर जावेत तसे पार निघून गेले.

"कुठे गेले हे?" तो पुटपुटला.

मी इथे आहे, असं चष्मेवाल्याला म्हणायचं होतं. म्हणजे म्हणायला हवं, हे त्याला कळत होतं. पण खिडकीबाहेर तितर स्वस्थ होते. माणूस आत शिरूनही एक उठला नव्हता. त्याच्या स्वतःच्या समोरची काच आता लख्ख होती, आणि ते पाहून त्याच्या आत खोल कुठेतरी अभिमान दाटून आला. जमलं. आपल्याला जमलं.

मेहुण्याला धारेकडचं दार दिसलं. "अरे देवा," तो म्हणाला आणि ते उघडून बाहेर पळाला. "भावजी! भावजी हो!"

काचेतून तो चढताना दिसू लागला. गुडघाभर बर्फात, हात पसरून, धापा टाकत. सरळ लाल खांबांकडे.

"जाऊ द्या," गुरुजी म्हणाले. त्यांचे ओठ हलले नव्हते. "आत्ताच तर आलेत हे तितर."

चष्मेवाल्यानं हाताला वर उठायला सांगितलं. हात कोणाचा होता ते हाताला कळेना. जिभेला सांगितलं. ती तोंडात कोणीतरी ठेवलेली वस्तू होती. मेहुणा खांबांपाशी पोचला. एका खांबाला धरून तो पलीकडे वाकून बघत होता.

मग चष्मेवाल्याला एकच गोष्ट सुचली, जी त्यानं जन्मभर दुसऱ्यांना सांगितली होती. दुकानातल्या त्याच सुरात तो स्वतःला म्हणाला, पापण्या मिटा.

काहीतरी मिटलं. पण वरून खाली नाही. बाजूनं एक दुधी उजेड डोळ्यांवरून आडवा गेला. त्यातून उतार दिसतच राहिला, मऊ, धूसर आणि इतका सुंदर, की रडू यावं.

तशी नाही, तो स्वतःला म्हणाला. वरची. वरची मिटा.

मेहुण्यानं खांब सोडला आणि एक पाय उचलला.

वरची पापणी गंजलेल्या शटरसारखी खाली आली. काळोख झाला. आणि त्या काळोखात त्याला त्याचा श्वास सापडला, गळा सापडला.

"अरे!" तो ओरडला. "थांब! मागे फीर!"

सगळा उतार एकदम उठला. शंभर पंखांचा फडफडाट काचेवर आदळला, काळ्या शेपट्या उघडल्या, पांढऱ्या पंखांनी आभाळ झाकून टाकलं. तो खुर्चीतून खाली कोसळला, उठला, दाराकडे धावला. शेजारची खुर्ची रिकामी होती. वाटेवरचं दार मेहुण्यानं उघडं टाकलं होतं. उंबऱ्यावर वाऱ्यानं बर्फ आणून टाकलं होतं आणि त्यावर मेहुण्याचीच पावलं होती, आत येणारी.

मेहुणा एक पाय अधांतरी धरून खांबाला मिठी मारून उभा होता. त्याच्या पलीकडे, छज्ज्याच्या अगदी कडेला, जिथे मांजराच्या वजनानंही बर्फ ढासळलं असतं, एक तितर उडाला नव्हता. तितराच्या मानानं तो मोठा होता. फार मोठा. गोल, शुभ्र, स्वस्थ. त्याच्याकडे मेहुण्याची पाठ होती. चष्मेवाल्याला त्याचा एक डोळा दिसला, आणि त्या डोळ्यावरून आडवा पडदा सावकाश सरकला. त्या बघण्यात राग नव्हता. उलट, आपलं माणूस स्टेशनवर चुकलं तर वाटावं, तेवढंच काहीसं होतं.

वाऱ्याचा झोत आला. तिथे बर्फ होतं.

६

मेहुण्याला त्यानं हाताला धरून ओढत आणलं. खोलीत येताच मेहुणा त्याच्या गळ्यात पडला आणि मग त्याला खांद्यांना धरून गदागदा हलवू लागला.

"कुठे होतात? कुठे होतात तुम्ही?"

"इथेच."

"इथे नव्हतात! मी पाहिलं! इथे, या खुर्चीवर, हा असा हात ठेवणार होतो मी!" त्याला रडू आवरेना. "ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?"

चष्मेवाल्यानं श्वास सोडला. त्याच्या तोंडातून वाफेचा ढग बाहेर पडला. तो त्या ढगाकडे बघत राहिला, आणि तो विरला तेव्हा त्याला थोडं वाईटही वाटलं.

नाक्यावर बाईनं दोघांना बघून सुस्कारा सोडला. "बरं झालं. दिसले का?"

"दिसले," चष्मेवाला म्हणाला. "गुरुजी..."

"ते उतरतील त्यांच्या वेळेनं."

"तुम्ही त्यांना उतरताना पाहिलंय कधी?"

बाईनं थर्मासचं झाकण फिरवता फिरवता विचार केला. "मी येते तेव्हा ते वर असतात," ती म्हणाली. मग एक हात बांबूवर ठेवून वरच्या उताराकडे बघत, अगदी आदरानं म्हणाली, "काय नजर आहे त्यांची!"

"आहे खरी," चष्मेवाला म्हणाला. ते त्याच्या मनातूनच आलं होतं. असं बघणारा माणूस त्याला पुन्हा भेटणार नव्हता, आणि पुन्हा भेटायला तो कधी येणार नव्हता.

गाडी घाट उतरू लागली. मेहुण्यानं आतला दिवा लावला होता, भर दुपारी. एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा चष्मेवाल्याच्या मनगटावर.

"बोलत राहा भावजी," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. तितराबद्दल बोला. कसा होता?"

तेव्हा चष्मेवाला बोलू लागला. पांढऱ्यातला निळा सांगितला, पाठ वळल्यावरचा गुलाबी सांगितला, लाकडी खणासारखा आवाज काढून दाखवला, पिसांच्या पंजांचं तुरुतुरु चालणं दोन बोटांनी मांडीवर चालवून दाखवलं. आयुष्यात पाहिलेल्या सगळ्यात देखण्या गोष्टीचं तो वर्णन करत होता, आणि वर्णन करता करता वळणाच्या पलीकडचा उतार त्याला दिसला, उन्हात, शुभ्र, स्वस्थ. त्याची नजर आपसूक तिथे टेकली. बोलणं थांबलं.

"भावजी?"

तो उतारच बघत होता.

"भावजी!" मेहुण्यानं करकचून ब्रेक लावला. त्याची बोटं चष्मेवाल्याच्या मनगटाभोवती घट्ट होती, आणि भेदरलेली नजर शेजारच्या सीटवर इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत त्याला शोधत होती.